फोटोत काय ऐकू येतं

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात नंबरने वाचनालयाच्या काउंटरवर पाकीट उघडलं, आतला कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं, की हे अठरा नंबरने लिहिलेलं नाही.

त्या वेळी वाचनालयात आणखी चार माणसं होती. दोघं वर्तमानपत्र वाचत होते, तिसरा ते तोंडावर घेऊन झोपला होता आणि एक बाई पुस्तक बदलायला आल्या होत्या. आवाज कुणीच चढवला नाही. ग्रंथपालबाईंनी हातातल्या कार्डावर शिक्का मारला, कार्ड परत दिलं आणि मग म्हणाल्या, "काका, जरा आत येता का?"

सात नंबर म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त मीटर रीडर. वय एकाहत्तर. तेहतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन पाण्याच्या मीटरवरचे आकडे वहीत उतरवले. गल्ल्यांमध्ये त्यांना पाणीवाले काका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं. बायकोने जन्मभर 'अहो'वर भागवलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात. काका दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात.

बायको गेल्यानंतरच्या महिन्यात ते सवयीने जिना उतरले आणि त्यांनी स्वतःच्या मीटरचं रीडिंग घेतलं. आकडा निम्म्याहून खाली आला होता. नोकरीत असं घर दिसलं की वहीच्या शेवटच्या रकान्यात 'एकटा रहिवासी' असा शेरा मारायचा असे. तो त्यांनी दोनेकशे घरांवर तरी मारला असेल. दाराच्या आत काय चाललंय हे विचारायची तेव्हा गरज पडली नव्हती. आता काही दिवशी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य दुपारी चारला निघे, तेही लिफ्ट बंद आहे का, एवढंच. बोलण्याआधी घसा खाकरून बघावा लागे, चालू आहे का.

'जोडी' नावाचा उपक्रम वाचनालयाने गेल्या वर्षी काढला. पासष्टच्या पुढची, एकटी राहणारी माणसं. जोडीतल्या एकाने दर गुरुवारी एक फोटो आणून द्यायचा. दुसऱ्याने तो घरी न्यायचा, त्यावर काहीतरी लिहायचं आणि शनिवारपर्यंत कागद परत करायचा. ग्रंथपालबाई सगळे कागद मोठ्या अक्षरात टाइप करत, म्हणजे चष्मा विसरला तरी वाचता यावं. पुढच्या गुरुवारी फोटोवाल्याला आपल्या कप्प्यात पाकीट मिळे. एक प्रत एका मोठ्या वहीत फोटोशेजारी चिकटवली जाई.

एकमेकांचं नाव आणि पत्ता कळू द्यायचा नाही, हा नियम सुरुवातीला नव्हता. पण दोन नंबरने नऊ नंबरला दिवसातून आठ वेळा फोन करायला सुरुवात केली. त्यातले तीन फोन 'जेवलात का' एवढं विचारायला. शेवटी नऊ नंबरची मुलगी वाचनालयात आली आणि बरंच बोलली. तेव्हापासून नुसते नंबर. सुरुवातीला चौदा जोड्या होत्या, या गुरुवारी सहा उरल्या होत्या. कुणी मुलांकडे राहायला गेलं, दोघं वारले आणि एकाने लेखी कळवलं, की माझ्या फोटोंवर कविता करतात, मला सोसत नाही.

काकांकडे मुलाचा जुना कॅमेरा होता. मुलाला हल्ली मोबाइल पुरतो. उपक्रमात फोटो काढायला शिकवणाऱ्याने तीन तास घेतले आणि तिन्ही वेळा सांगितलं, की फोटोत माणसं असू द्या. काकांना ते जमलं नाही. तेहतीस वर्षं ते लोकांना 'जरा बाजूला व्हा' म्हणत आले होते. त्यांचे फोटो सरळ, जवळून घेतलेले, वस्तू बरोब्बर मधोमध. मागच्या बाजूला तारीख आणि वेळ. पहिला फोटो स्वयंपाकघरातल्या नळाचा होता.

त्यावर अठरा नंबरने लिहिलं:

"हा नळ गळतो. थेंब दिसत नाही, पण खालच्या भांड्याच्या बुडाला गोल पांढरा डाग आहे, म्हणजे भांडं रोज तिथेच असतं. पहिले थेंब टण्ण वाजतात, पाणी जमलं की टप्प. आवाज बदलला की तुम्ही उठून भांडं ओतता. घरात दुसरं कुणी नसावं. असतं तर एव्हाना वायसर बदलायला लावलं असतं."

काका वाचनालयात मोठ्याने हसले. वर्तमानपत्राखालचा माणूस दचकून जागा झाला. घरी येऊन काका खुर्ची ओढून नळासमोर बसले. टण्ण आणि टप्प यांत फरक होता. आठ महिने तो नळ गळत होता आणि त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

तिसऱ्या कागदात अठरा नंबरने आपली हकिगत सांगितली. एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून. "मला माणसं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. तुमचं उलटं झालेलं दिसतंय." डावा कान आता नुसता शोभेला आहे, असं तिने लिहिलं होतं, आणि उजवा स्वतःच्या मर्जीने कामावर येतो. म्हणजे फोटोतले आवाज ती आठवणीतून लिहीत होती.

यानंतर काकांची फोटो काढायची रीत बदलली. आधी उभं राहून ऐकायचं, मग कॅमेरा. अर्ध्यावर अडकलेलं शटर, टेकून ठेवलेली सायकल, न्हाव्याच्या दुकानातली पाणी फवारायची बाटली. एकदा खोडी काढायची म्हणून त्यांनी नुसत्या भिंतीचा फोटो दिला, बघू काय ऐकते. उत्तर आलं, की भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवतंय, रोज याच वेळी सरकवतं, आणि तुम्ही त्याची वाट पाहता. भिंत काकांच्या बैठकीच्या खोलीतली होती. खुर्ची शेजाऱ्यांची होती. वेळही खरी होती.

एक टोमणाही होता. "मागे आकडे लिहिता, मजकूर लिहीत नाही. जन्मभर आकडेच लिहिलेत, तर एखादं वाक्य कुणाकडून उसनं आणा."

मुलाचा फोन रविवारी दहाला येतो. तब्येत, गोळ्या, हवा, आणि मागून सुनेचा आवाज, की इकडेच या म्हणावं राहायला. सगळं मिळून दहा-अकरा मिनिटं. भिंतीच्या फोटोवरचा कागद काकांनी वाचून दाखवला त्या रविवारी फोन चोवीस मिनिटं चालला. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला मैत्रीण मिळाली की. मागून सून त्याच्यावर ओरडलेली ऐकू आली. काकांनी सांगितलं, की ती उंच आहे की बुटकी हेही मला माहीत नाही, आणि विचारायचंही नाही, नियम आहे. इकडे या म्हटलं की मात्र ते हल्ली म्हणत, गुरुवारी काम असतं.

असे सदतीस कागद आले. अडतिसावा आला तो बागेतल्या बाकाच्या फोटोवर. तो 'या छायाचित्रात' असा सुरू होत होता. बाकाचा रंग, मागचं झाड, गळून पडलेली पानं. सगळं बरोबर होतं. आवाज नव्हता. काकांना वाटलं, बरं नसेल. एकोणचाळिसाव्यात औषधाच्या दुकानाबाहेरचा वजनकाटा होता, चाळिसाव्यात जिना. त्यांतही आवाज नव्हता. तिन्ही कागद चौदा-चौदा ओळींचे. अठरा नंबर कधी चार ओळी लिही, कधी दोन पानं. एकदा तिने नुसतं 'आज काही ऐकू येत नाही, क्षमस्व' असं लिहून पाठवलं होतं.

पाणीखात्यात दार बंद सापडलं तर मागच्या तीन खेपांची सरासरी काढून आकडा भरायची मुभा होती, मात्र शेजारी 'घर बंद' असं लिहायचं. काही रीडर ते न लिहिता हॉटेलात बसून आख्ख्या गल्लीचे आकडे भरत. काकांना असं पान लांबून ओळखू येई. खऱ्या घराचा आकडा कधी सारखा वाढत नाही. पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं, नळ उघडा राहतो. सारखा वाढणारा आकडा म्हणजे आत कुणी डोकावलेलंच नाही.

म्हणून एक्केचाळिसावा फोटो त्यांनी मुद्दाम काढला. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक काळा टेलिफोन होता, जुना, जड, रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला. एकोणतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईने रिसीव्हर असा पडलेला बघून गप्प बसणं शक्य नव्हतं. गुरुवारच्या पाकिटात उत्तर होतं. "या छायाचित्रात एक जुना, देखणा टेलिफोन आहे. तो आपल्याला सरलेल्या काळाची आठवण करून देतो." एकूण चौदा ओळी. रिसीव्हर खाली आहे याचा उल्लेख एकाही ओळीत नव्हता.

वाचनालयाच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या होत्या. एकीवर परत आलेली पुस्तकं होती, ती ग्रंथपालबाईंनी जमिनीवर ठेवली. त्या अडतीस वर्षांच्या आहेत आणि वाचनालयात एकट्याच काम करतात. त्यांनी काही लपवलं नाही. चार आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी अठरा नंबर पाकीट न्यायला आली नाही. शनिवारपर्यंत बाईंनी वाट पाहिली. अर्जावरच्या नंबरवर तीनदा फोन केला, वाजत राहिला. पोस्टकार्ड टाकलं. मग काकांना रिकामा कप्पा दिसू नये म्हणून बुधवारी संध्याकाळी स्वतः बसून कागद लिहिला, आणि एकदा लिहिल्यावर पुढचे तीन लिहावे लागले. अकरा नंबरच्या बाबतीत काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. जोडीदार गेल्यावर ते दोन गुरुवार आले, रिकाम्या कप्प्यात हात घालून बघितला, आणि नंतर आलेच नाहीत.

"तुम्हीही यायचं बंद केलं असतं," त्या म्हणाल्या.

"ते मी ठरवलं असतं."

मग काका म्हणाले, "घर बंद असेल तर घर बंद लिहायचं असतं, बाई. सरासरी लावली की आतल्या माणसाला काय झालं हे कुणी विचारत नाही."

आणि मग त्यांनी तेही सांगितलं जे खात्यात कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीत असताना, बायकोच्या पहिल्या मोठ्या दुखण्यात त्यांनी दोन महिने एका आख्ख्या गल्लीचे आकडे इस्पितळाच्या पॅसेजमध्ये बसून भरले होते. चाळीस घरं. एकाही घराने तक्रार केली नाही. त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ते मनातून जात नाही.

अठरा नंबरचा पत्ता मात्र बाईंनी दिला नाही. अर्जावर सही घेतली आहे, म्हणाल्या, आज तिचा दिला तर उद्या तुमचाही कुणाला देईन. काकांना हे पटलं. त्यांनी हातातला खोटा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते घरी गेले.

दुपारी त्यांनी सदतीस कागद टेबलावर आणि पलंगावर पसरले. लाल पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. फोटोंमधले आवाज सोडून द्यायचे, तिच्या स्वतःच्या घरातले शोधायचे. अकरा सापडले. त्यांतले दोन कामाचे होते. एक: "समोर छापखाना आहे. दुपारी दोनला मशीन सुरू होतं. त्याचे हादरे फरशीतून येतात, त्यामुळे कान नसला तरी चालतो." दुसरा: "पाच वीसला आमच्याकडे पाणी येतं. नळ आधी खोकतो, मग शिंकतो, मग पाणी. ऐकू कमी येतं, पण नळावर हात ठेवला की कळतं."

बाकी कुणाला यातून काही कळलं नसतं. नळ खोकतो तो पाइपातल्या हवेने, आणि इतका खोकतो तो फक्त लाइनच्या शेवटच्या घरी. तिथे पाणी पोचेपर्यंत पुढची सगळी हवा ढकलत आणतं. पहाटे पाचला सुटणारं पाणी वीस मिनिटांनी टोकाला पोचेल अशी टाकी गावात एकच आहे. तिच्या लाइनची टोकं चार. त्यांतल्या एकासमोर छापखाना आहे. त्या घराचं रीडिंग काकांनी स्वतः सहा वर्षं घेतलं होतं. मीटर जिन्याखाली, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. घरात कोण राहत होतं ते आठवेना. मीटर बाहेरच होता. दार वाजवायची कधी वेळच आली नव्हती.

शनिवारी दुपारी तीन चाळीसला ते तिथे पोचले. छापखान्याचं मशीन चालू होतं. तळमजल्याच्या दाराला कुलूप. दारातल्या फटीत तीन कागद अडकलेले, त्यांतलं एक वाचनालयाचं पोस्टकार्ड.

वरच्या गॅलरीत एक बाई दांडीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. साठीच्या असाव्यात. त्यांनी वरूनच विचारलं, "काय हो, कोण पाहिजे?"

काकांना नाव सांगता येईना. ते म्हणाले, "त्या टेलिफोनवाल्या बाई."

"आणि तुम्ही कोण?"

"पाणीवाला."

"पाणी तर नीट येतंय की."

काकांनी पिशवीतून कॅमेरा काढून वर दाखवला. दुसरं काही सुचलं नाही. बाईंनी हातातला टॉवेल दांडीवर परत टाकला. "अच्छा," त्या म्हणाल्या, "सात नंबर होय? थांबा, आले."

खाली यायला त्यांना वेळ लागला. जिन्यावर बसूनच त्या बोलल्या आणि पुष्कळ बोलल्या. येत्या सोमवारी त्या गोष्टीला पाच आठवडे होतील. त्या सकाळी अठरा नंबर उठली तेव्हा उजवा कानही गेला होता, रात्रीतून, काही न सांगता. मोरीतला नळ उघडा राहिला, पाणी दाराखालून बाहेर आलं तेव्हा वरच्या बाई धावल्या. बाहेरून हाका मारून त्यांचा घसा बसला. आत ही खुर्चीत बसून तुमचा कुठलासा फोटो बघत होती, त्या म्हणाल्या, पाय पाण्यात. भाच्याला फोन केला. तो नऊ तासांच्या अंतरावर राहतो. संध्याकाळी उशिरा पोचला आणि दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन गेला. तपासण्या म्हणून गेली होती, आता कायमचंच दिसतंय. भाचा उद्याचा सोडून पुढच्या रविवारी येणार, पंखा आणि कपाट न्यायला. मग घर मालकाच्या ताब्यात.

वाचनालयात कळवायचं कुणाला सुचलं नाही का, असं काकांनी विचारलं. बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"मला सांगून गेली होती. गाडीत बसताना दोनदा सांगितलं, गुरुवारच्या आत कळव, सात नंबर खोळंबेल. माझ्याकडून राहिलं. आज जाते, उद्या जाते. मला वाटलं, फोटोचं तर आहे."

बाईंनी मग आपणहून सांगितलं, की तुमच्याबद्दल बोलायची. म्हणायची, सात नंबर सरळ दिसतो, फोटो कधी वाकडा नसतो. विनोद करते की काय मला कळायचं नाही, बाई म्हणाल्या, तिचं सगळं बोलणं तसंच.

आता कशी आहे, याचं उत्तर त्यांच्याकडे भाच्याने फोनवर सांगितलं तेवढंच होतं. खाते, झोपते. कुणी समोर कागद-पेन ठेवलं तर बाजूला सारते. एकदा भाच्याच्या बायकोने आग्रह केला तेव्हा म्हणाली, ऐकू येत नाही तर लिहू काय. पत्ता बाईंकडे नव्हता, भाच्याचा नंबर होता, आणि तो मनात आलं तर उचलतो. काही द्यायचं असेल तर रविवारच्या आत आणून द्या, मी पोचवते त्याच्या हातात, त्या म्हणाल्या. हे नाही विसरणार.

काकांनी आपला फोन नंबर लिहून दिला आणि ते निघाले.

चार फोटो तिने पाहिलेच नव्हते. रविवारी सकाळी मुलाचा फोन झाल्यावर काका रीडिंगची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन बागेत गेले आणि बाकाशेजारी उभे राहिले. बाकावर बसले असते तर बाकाचा आवाज बदलला असता. सोमवारी वजनकाटा, मंगळवारी जिना. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. घरी आल्यावर लिहायला बसायचं. पहिल्या दिवशी तीन तासांत दोन ओळी झाल्या आणि त्याही रीडिंगसारख्या दिसत होत्या. त्या त्यांनी तशाच ठेवल्या.

"फोटो क्र. ३८. बाक. दहा वाजून चाळीस. एका बाजूचा बोल्ट ढिला आहे. माणूस बसला की कर्र, उठला की दोनदा कर्र. तीस मिनिटांत सहा जण बसले. एक बाई बसल्या नाहीत, नुसता हात ठेवून गेल्या, तेव्हा आवाज झाला नाही."

"फोटो क्र. ३९. वजनकाटा. काटा फिरताना घरघर, थांबताना टक. एक मुलगी चपला काढून चढली. काही फरक पडला नसावा."

जिन्यावर पाऊण पान झालं. बुधवारी ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, परत फोटो का? काका म्हणाले, नाही, ऐकायचंय. दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. संध्याकाळी काकांनी लिहिलं:

"फोटो क्र. ४१. टेलिफोन. रिसीव्हर खाली काढून ठेवलेला आहे. मी तो उचलून कानाला लावला. चार मिनिटं धरला. काही ऐकू येत नाही. हा फोन कुठे जोडलेलाच नाही. रिसीव्हर पुन्हा खाली ठेवताना काचेवर ठक असा आवाज झाला, तो दुकानात कुणी ऐकला नाही."

गुरुवारी ते वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं, आधी घर कसं सापडलं ते आणि मग कान. बाईंनी चार कागद वाचले. टाइप करून देऊ का, विचारलं. काकांनी नको म्हटलं, अक्षर असू दे. मोठ्या वहीतले आपले चार कागद बाईंनी त्यांच्यासमोरच काढले आणि त्या जागी काय लिहायचं ते विचारलं. तारीख लिहा, काका म्हणाले. निघताना ते दारात थांबले. "बाकावरचं तुमचं वाईट नव्हतं," ते म्हणाले. "पानं गळून पडलेली आहेत, असं लिहिलंत. पडताना जरा ऐकायला हवं होतं."

तीन नंबरच्या बाईंना फोटोवाला जोडीदार हवा आहे, असं ग्रंथपालबाईंनी जाता जाता सुचवलं.

शनिवारी त्यांनी चार फोटो आणि चार कागद घातलेलं पाकीट वरच्या बाईंच्या हातात दिलं. पाकिटावर 'अठरा नंबर' असं लिहिलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात 'सात नंबर'. परत जाताना निम्म्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की नाव आणि पत्ता आपण आत किंवा बाहेर कुठेच घातलेला नाही. एक्केचाळीस आठवड्यांची सवय. वळून जावं असं त्यांना वाटलं. मग वाटलं, नाव पाहून तिला काय कळणार आहे. तरीही ते वळले. वरच्या बाईंच्या दाराला कुलूप होतं. समोरचा छापखानाही बंद होता. ते पाच वाजेपर्यंत जिन्याखाली उभे राहिले आणि मग घरी गेले.

रविवारी दहाला मुलाचा फोन आला. काका म्हणाले, लवकर ठेव, मला एक फोन यायचा आहे. मुलाने विचारलं, कुणाचा? दोन मिनिटांत फोन संपला.

वरच्या बाईंचा फोन बारा वाजून वीस मिनिटांनी आला. भाचा दहा वाजता टेम्पो घेऊन आला होता. पंखा, कपाट, गादी आणि दोन पिशव्या त्याने नेल्या. पाकीट हातात देऊन बाईंनी सांगितलं, आत्याला दे, आठवणीने. कुणाकडून आहे, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, पाणीवाले. तो म्हणाला, पाण्याचं बिल मी भरलंय. नाही रे, फोटो आहेत, बाई म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, ती हल्ली बघत नाही काही, पण ठेवतो. पाकीट त्याने पुढच्या सीटवर टाकलं आणि उडू नये म्हणून वर पंख्याचं एक पातं ठेवलं. टेम्पो पावणेबाराला निघाला. बाईंनी तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पाहिला.

भाच्याचं घर तिथून नऊ तासांवर आहे.